सोया सॉसची चार कामं

पुणे, २० जानेवारी

चि. सौ. मुक्तास,


तुझ्या ओमच्या ॲलर्जीच्या रिपोर्टात सोया, गहू आणि तीळ तिन्ही निघाले म्हणून तू फडताळातल्या सगळ्या चायनीज-जपानी बाटल्या टाकून दिल्यास, ते बरं केलंस. पण महिनाभर तू ‘अगदी सोया सॉससारखी’ दुसरी बाटली शोधत दुकानं पालथी घालते आहेस, ते आता पुरे कर. सोया सॉस हा चार कामं एकटा करणारा गडी आहे. खारटपणा, तोंडात रेंगाळणारा भरीव स्वाद, किंचित आंबटगोड आणि रंग. तो रजेवर गेला तर कामं चौघांत वाटून द्यायची. जशीच्या तशी बदली मिळत नसते.

तमारी कुणीतरी सुचवेलच. तिच्यात बहुतेक वेळा गहू नसतो, पण ती सोयाबीनचीच, म्हणजे आपल्याला बाद. कोकोनट अमिनोज म्हणून तुमच्याकडे अमेरिकेत मिळतं, त्याचं नाव भारदस्त; आहे काय, तर माडाच्या पोयीतून निघणारा रस मीठ घालून आंबवलेला. कोकणातल्या माणसाला यात नवल ते काय! चव चांगली, पण सोया सॉसपेक्षा गोड, मिठाला कमी आणि महाग. हाताशी असू दे, भिस्त ठेवू नकोस.

खरं अवघड काम त्या भरीव स्वादाचं. टोकियोच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळात ग्लुटामेट शोधलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. सुक्या शिटाके मशरूममध्ये ग्वानिलेट असतं. दोघं एकत्र आले की एकमेकांना असे उचलून धरतात की चव कुठल्या कुठे जाते. मग बाटली हवी कशाला? २५ ग्रॅम सुके शिटाके आणि दोन बोटं रुंदीचा कोंबूचा तुकडा दोन कप गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. कोंबूत आयोडीन भरपूर असतं, म्हणून तुकडा लहानच. सकाळी कोंबू काढून टाक, मशरूम घट्ट पिळ, पाणी फडक्यातून गाळ. तळाशी बारीक रेती असते, ती दाताखाली आली की सगळी मेहनत वाया. मग मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटव. त्यात सपाट तीन चमचे मीठ (चहाचे चमचे, मोठे नव्हेत), चमचाभर काळसर गूळ आणि तेवढंच राइस व्हिनेगर. माल्ट व्हिनेगर नको, ते जवाचं असतं, आणि जव गव्हाचाच भाऊबंद. रंग हवाच असेल तर थोडी साखर चॉकलेटी होईपर्यंत करपव आणि लांब उभी राहून गरम पाणी ओत, उडतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलंस तर महिनाभर पाहायला नको.

तिळाच्या तेलाचा खमंगपणा हुबेहूब येत नाही, हे आधीच सांगते. पण शांघायकडची मंडळी नूडल्सवर कांद्याच्या पातीचं तेल घालतात, ते मला तर जास्त आवडतं. एक जुडी पात बोटभर लांब चिरून कोरडी पुसून घे आणि अर्धा कप सूर्यफुलाच्या तेलात मंद आचेवर टाक. आधी खूप फसफसतं, मग आवाज बसतो. तो बसला की कढईपासून हलू नकोस, पात तपकिरीवरून काळी व्हायला दोन मिनिटं पुरतात. आणि बाटलीवर नुसतं ‘व्हेजिटेबल ऑइल’ असेल तर तुमच्याकडे ते बरेचदा सोयाबीनचं असतं. अतिशुद्ध सोया तेलाला अमेरिकेच्या ॲलर्जीच्या कायद्यातून सूट आहे, म्हणून खालची ‘कंटेन्स’ची ओळ वाचून थांबू नकोस. असं तेल ओमला चालतं का, हे डॉक्टरांनाच विचार.

अर्धा किलो चिकन मुरवायला त्या शिटाकेच्या आटवलेल्या पाण्याचे दोन मोठे चमचे, एक मोठा चमचा पातीचं तेल, किसलेलं आलं, चार पाकळ्या लसूण आणि चमचाभर मध. दोन-तीन तास पुरे. आल्यात मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, रात्रभर ठेवलंस तर वरचा थर पिठूळ होतो. वरून घालायला सॉस हवा तर आधीच वेगळा काढून ठेव. कच्च्या चिकनचं उरलेलं पाणी पोरांच्या ताटात जाता कामा नये.

आता माझीच चूक सांगते. आमच्या शेखरलाही तिळाची ॲलर्जी होती. एकदा असंच सगळं जपून केलं आणि शेवटी मसाल्याच्या डब्यातल्या चमच्याने ढवळलं. त्या चमच्याला गोड्या मसाल्याची पूड होती, आणि गोडा मसाला म्हणजे तीळ आलेच! संध्याकाळी त्याच्या मानेवर गांधी उठल्या. तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून एक लाल दांड्याचा चमचा वेगळा आहे, अजून आहे. तसंच हिंगाचं. बांधानी हिंगात बरेचदा मैदा मिसळलेला असतो, आणि फोडणीत चिमूटभर टाकताना ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

इथून मसाले मागवशील तेव्हाही हेच. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ ॲलर्जीच्या यादीत आहे, पण आपल्याकडच्या २०२० च्या लेबलच्या नियमांत ॲलर्जीच्या यादीत तीळ नाही. म्हणून पुण्याहून आलेल्या पाकिटावर घटकांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. पुढच्या महिन्यात निखिल येतोय, त्याच्याबरोबर माझा मसाला पाठवते. यंदा तिळाशिवाय कुटलाय, खोबरं थोडं वाढवून. ओमचं ॲलर्जीचं इंजेक्शन स्वयंपाकघरातच ठेव, वरच्या खणात नको.

तुझी,
माई आत्या