धुराची साक्ष

विहिरीवरील जुने डिझेल एंजिन सुरू होईनासे झाले, की आपण लागलेच कर्ज काढून नवा पिस्टन आणावयास धावतो. देवाने डोळे दिले आहेत ते पाना हाती घेण्यापूर्वी वापरावे, असे आम्हांस वाटते. या यंत्रात ठिणगी नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. दाब गेला, की सर्व गेले. निळा धूर वंगण जळत असल्याची साक्ष देतो. हँडल जड न लागता सहज फिरत असेल, तर सिलिंडरात चमचाभर वंगण सोडून पुन्हा फिरवावे. जोर वाढला, तर रिंगा झिजल्या. न वाढला, तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, व ते घासून बसविण्यास खर्च थोडाच. काळ्या धुराचे मूळ तर पुष्कळदा धुळीने कोंदलेल्या हवेच्या गाळणीतच सापडते.