चालण्याची अमानत

नमाजमध्ये सजद्यातून उठून आपण सरळ उभे राहतो. त्या क्षणी शरीरात काय घडते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? प्रत्येक कानाच्या आतल्या भागातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका मस्तक कोणत्या दिशेने वळले ते कळवितात. डोळे भोवतालची दिशा सांगतात, स्नायू व सांधे आपापल्या ताणाची वार्ता देतात. लहान मेंदू या साऱ्यांचा मेळ घालतो. मोठ्या मेंदूतून निघालेले तंतू मज्जारज्जूत उतरतात, तेथून पायांना आज्ञा पोहोचते. एक स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल पडतो. हे सर्व आपल्या नकळत चालते. मग या देणगीचा शुक्र केवळ जिभेने अदा होतो काय?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर हा धानाचा मुलूख. या भागात धान कापण्यापूर्वीच ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरण्याची जुनी रीत आहे. इतर पिके बुडाली तरी ती तग धरते, म्हणून टंचाईत ती गरिबांचा आधार ठरते. परंतु तिच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. अधूनमधून, इतर अन्नासोबत खाल्ल्यास सहसा अपाय होत नाही. मात्र काही महिने तिच्यावरच गुजराण करावी लागली, तर मेंदूकडून पायांकडे आज्ञा नेणाऱ्या तंतूंना इजा होते. पाय ताठरतात, टाचा टेकत नाहीत. आधी एक काठी, मग दोन, शेवटी सरपटणे. बुद्धी शाबूत राहते, पण गेलेली चाल परत येत नाही.

इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने मध्य प्रदेशातील सागर परिसराची हकीकत नोंदविली आहे. गहू बुडाला, लोक याच दाण्यावर जगले आणि 1833 च्या सुमारास तरुण माणसे कमरेखाली पांगळी होऊ लागली.

याला केवळ तकदीर म्हणून आपली सुटका होईल काय? लाखोळी अनेकांच्या शेतात पिकते; पाय मात्र त्यांचेच जातात, ज्यांच्या ताटात दुसरे काही नसते. आजाऱ्याची परीक्षा सब्राची असेल, तर शेजाऱ्याची परीक्षा त्याच्या भरलेल्या कोठाराची आहे. सूरह माऊनमध्ये नमाजविषयीची बेपर्वाई आणि गरिबाच्या अन्नाविषयीची उदासीनता यांचा निषेध एकत्रच आला आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की माणसाच्या प्रत्येक सांध्यावर दररोज सदका देय आहे. कुणाला वाहनावर चढण्यास हात देणे, वाटेतील अडथळा दूर करणे, नमाजकडे टाकलेले पाऊल, हे सारे सदकाच. म्हणजे पायांचा शुक्र पायांनीच अदा होतो. सूरह फुरकानने रहमानच्या दासांची पहिली ओळख सांगितली तीही त्यांच्या नम्र चालण्याचीच.

तेव्हा मस्जिदीकडे जाणारी आपली पावले वाटेत एका दाराशी थांबू द्या. आत कुणाची चूल पेटली नसेल, कुणी काठीच्या आधारानेही बाहेर येऊ शकत नसेल. आपले पाय ही अमानत आहे, आणि तिच्यात त्या घराचाही हक्क आहे.