कापून दाखवलेलं कलिंगड

उन्हाळ्यात आठवडी बाजारातला कलिंगडवाला सुरीनं एक त्रिकोणी फोड काढतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. आत पांढरं निघालं तर ते फळ त्याच्याच अंगावर पडणार असतं. गिऱ्हाइकालाही हे ठाऊक असतं. म्हणून फोड तोंडात टाकण्याआधीच त्याचा अर्धा विश्वास बसलेला असतो. ‘साखरेसारखं गोड’ अशी आरोळी तर सगळेच ठोकतात.

रोजगार मेळाव्यात टेबल टाकून बसण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि आरोळी ठोकणाऱ्यांतच मी होतो. चाकणजवळच्या एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात होतो. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, मंगल कार्यालयात भरलेला मेळावा अजून डोळ्यांसमोर आहे. लग्नाच्याच खुर्च्या, लग्नाचेच पंखे. पोरं पहाटेच्या एसटीनं आलेली, हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात बायोडाटाच्या दहा-दहा झेरॉक्स. आमच्या मागं चकचकीत फ्लेक्स, टेबलावर कंपनीचं नाव छापलेली पेनं आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘फिटर, वेल्डर, मशीन ऑपरेटर. वेतन : कंपनीच्या नियमानुसार.’

पहिल्याच पोरानं विचारलं, “सर, हातात किती?”

मी म्हणालो, “सिलेक्शन झालं की सांगू.” त्यानं पेन घेतलं आणि पुढच्या टेबलाकडं गेला. दिवसभर पेनं गेली, पोरं थांबली नाहीत. संध्याकाळी आम्ही ‘हल्लीच्या मुलांना कामच नको असतं’ असा निष्कर्ष काढून गाडीत बसलो. हा निष्कर्ष नोकरी देणाऱ्यांना फार आवडतो. त्यात स्वतःकडं बघावं लागत नाही.

हे टेबल टाकून बसणं तसं नवंच आहे. सेवायोजन कार्यालयांचं जाळं 1945 साली सुरू झालं, ते युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. मग 1959 च्या कायद्यानं 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. मात्र तिथूनच माणूस घ्या, असं बंधन घातलं नाही. आमच्या पिढीनं ‘एम्प्लॉयमेंट’मध्ये नाव घातलं, कार्ड जपलं आणि ‘कॉल’ची वाट पाहिली. उमेदवारानं दारात उभं राहायचं, हाच रिवाज होता. आता कंपन्याच गावोगाव टेबल मांडतात. डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात आणि मार्च 2024 मध्ये बारामतीत शासनानं भरवलेले महारोजगार मेळावे हे त्याचंच मोठं रूप. पण टेबलामागच्या माणसाची बसण्याची ढब अजून जुनीच, दारात कुणी उभं असल्यासारखी. समोरचा पोरगा आपल्यालाही पारखतोय, हे त्याच्या गावीच नसतं.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं 1973 साली नोकरीच्या बाजारातल्या ‘संकेतां’वर एक लेख लिहिला. पुढं 2001 च्या नोबेलमागं हेच काम होतं. त्याचा विचार उमेदवारांच्या बाजूनं आहे. मालकाला माणूस आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडं बघतो. अंगात कुवत नसलेल्याला ती मिळवणं महाग पडतं, म्हणूनच तिला खूण म्हणून किंमत. मला वाटतं, हाच काटा उलटा धरावा. पोरालाही कंपनी आतून दिसत नाही. फ्लेक्स चांगली कंपनीही छापते आणि वाईटही, दोघींना तो सारख्याच भावात पडतो. त्यामुळं फ्लेक्सवरून त्याला काहीच कळत नाही. वाईट कंपनीला जे परवडणार नाही तेच टेबलावर ठेवलं, तर पोरगा थांबतो.

पगाराचा आकडा ही त्यातली पहिली गोष्ट. आणि आकडा म्हणजे हातात पडणारा. समजा, महिन्याचा एकूण पगार 17,000 आणि त्यात मूळ वेतन 15,000. कंपनी आपल्या वाट्याचा 12 टक्के पीएफ, 3.25 टक्के ईएसआय आणि इतर किडुकमिडुक धरून ‘सीटीसी’ साडेएकोणीस हजारांच्या घरात नेते आणि तोच आकडा ऐटीत सांगते. पोराच्या पगारातून 1,800 पीएफ जातो, 0.75 टक्के ईएसआय जातो, 200 रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत तो 300. उरतात पंधरा हजारांना थोडे कमी. कँटीन आणि बसचे पैसे कापले तर आणखी खाली. साडेएकोणीस ऐकून आलेला पोरगा पहिली पगारपावती बघतो तेव्हा त्याला वजावटीचे नियम आठवत नाहीत, टेबलामागचं माझं तोंड आठवतं. चाकणला चौघांत एक खोली घेऊन राहायचं, मेसचे भरायचे, घरी पाठवायचे, हा हिशेब त्यानं एसटीतच मांडलेला असतो. त्याला फक्त वरची रक्कम हवी असते.

दुसरी गोष्ट, टेबलामागं कोण बसलंय. त्या मंगल कार्यालयात आमच्या शेजारी एका छोट्या कारखान्यानं आपला ऑपरेटर बसवला होता. कंपनीचा गणवेश, नखांत न निघणारं काळं ऑइल, जवळच्याच तालुक्याच्या आयटीआयतून निघालेला. त्याच्यापुढं झुंबड. पोरं विचारत होती, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते, उभ्यानं किती तास, सुपरवायझर शिव्या देतो का, ओटी खरंच मिळते की नुसती मांडतात. तो सांगत होता, “पहिले पंधरा दिवस पाय सुजतात. मग सवय होते.” हे ऐकून पोरं पळतील, असं मला वाटलं. ती फॉर्म भरायला बसली. मला यातला एकही प्रश्न आला असता तर उत्तर येत नव्हतं. बस कुठं थांबते हेसुद्धा मी ऑफिसला फोन करून विचारलं असतं. चालत्या लाइनवरून एक कसलेला हात दिवसभरासाठी काढून पाठवणं त्या छोट्या मालकाला नक्कीच जड गेलं असणार.

योगायोगानं त्याच 1973 साली जॉन वॅनस या अमेरिकन संशोधकानं टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत एक प्रयोग छापला. काही जणींना कामाची नेहमीसारखी गुळगुळीत फिल्म दाखवली, काही जणींना कटकटींसकट खरी. खरी फिल्म पाहिलेल्यांनी नोकरी नाकारली असं झालं नाही. उलट सोडून जायचा विचार त्यांच्या मनात कमी आला. सुजलेल्या पायांची गोष्ट ऐकून फॉर्म भरणाऱ्या पोरांचं मला नवल वाटायला नको होतं.

‘रोल कुणाचा?’ हा प्रश्न मात्र भल्याभल्यांना घाम फोडतो. टेबलावर नाव मोठ्या कंपनीचं, नेमणूक ठेकेदाराकडून, गेटपासचा रंग वेगळा आणि कँटीनची वेळही. पोराला हे कळायला गेटपर्यंत जावं लागतं. ठेकेदाराकडं काम करायला त्याची ना नसते. फसवून नेलेलं त्याला सहन होत नाही, आणि मग गावाकडून त्याच्यामागं कुणी येत नाही.

मुलींबरोबर आई येते. ती खुर्चीच्या कडेला बसते, मुलीला बोलू देते आणि शेवटी एकच विचारते, “रात्री घरी कोण सोडणार?” या प्रश्नाला पत्रक पुढं सरकवणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि ‘कळवतो’. या शब्दावर कधीतरी बंदी यावी. मुलाखत झालेल्या प्रत्येकाला आठ दिवसांत ‘नाही’ एवढा एक मेसेज धाडायला कंपनीला काय लागतं? ‘नाही’ आलेला पोरगाही आपल्या आयटीआयच्या ग्रुपवर दोन ओळी टाकतोच.

आकडा का लपवतात, याचं कारण स्पर्धकांना कळू नये म्हणून, असं आम्ही सांगत असू. ते अर्धंच खरं. मेळाव्यात नव्याला पंधरा लिहिले की आत पाच वर्षं मशीनवर उभा असलेला साडेपंधरावर आहे, हे उघडं पडतं. पाटी कोरी ठेवणं ही त्याच्यापासूनची लपवाछपवी असते. आमच्याकडं यावर मोठी खडाजंगी झाली, जुन्यांचे पगार थोडे हलले आणि मगच मला आकडा लिहायची परवानगी मिळाली.

पुढच्या मेळाव्यात मी पांढरा फळा नेला. हातात किती, कापून काय जाणार, रोल कुणाचा, बस कुठून, पहिले सहा महिने काय, सगळं मार्करनं लिहिलं. पोरांनी आधी फळ्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो घेऊन ती समोरच्या टेबलांवर गेली. मला धडकीच भरली. तासाभरानं त्यातली बरीचशी परत आली. दुपारी जेवणाच्या रांगेत पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “साहेब, तेवढा वरचा आकडा पुसा की. आमच्याकडं सकाळपासून सगळे तोच विचारायला लागलेत.”