पट्ट्याची खालची बाजू

खारपाणपट्ट्यातल्या एका गावात, दर्यापूरच्या बाजूला, एक म्हातारा चांभार राहत होता. विहिरीवर इंजिनं बसली तशा मोटा गेल्या, ट्रॅक्टर आले तसे नाडे गेले. म्हाताऱ्याच्या हाताला काम उरलं ते पोळ्याच्या घुंगरपट्ट्याचं. त्या पट्ट्याला मात्र अकोल्यापर्यंत मागणी होती.

वऱ्हाडात चामड्याची याहून देखणी वस्तू होत नाही, असं माझं मत आहे. चामडं पाठीचं हवं. पोटाचं ओढलं की ताणतं. तेही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेलं हवं. ते भिजवायचं, दगडावर ठोकायचं, रापीनं कडा तासायच्या. ओलं आहे तोवरच लोखंडी ठसे मारून वेलबुट्टी उठवायची. मग आरीनं भोकं पाडून वादीनं पितळी घुंगरं बसवायची, कडेनं कवड्या लावायच्या. इथवर आलं की गिऱ्हाईक खूश होई आणि म्हाताऱ्याचं खरं काम सुरू होई. पट्ट्याच्या आतल्या अंगाला तो बकऱ्याचं मऊ कातडं शिवायचा. प्रत्येक गाठ त्याखाली दडवायचा आणि स्वतःच्या गळ्याला पट्टा घासून पाहायचा.

"वरची बाजू लोकायले, खालची बैलाले," तो म्हणे. "लोकं बोलून दाखवते. बैल कुठी बोलते?"

आणखी एक रीत त्यानं कधी मोडली नाही. पट्टा हातात द्यायचा. त्याच्या बापाच्या काळी पट्टा ओट्याच्या कडेला ठेवून मागं सरावं लागे. वरून पैसे टाकले जात. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून 1927 साली अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. बाप तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, पण तो पायी चालत गेला. परत आला आणि पुढं आयुष्यभर त्यानं ओट्यावर पट्टा ठेवला नाही. 'हातात घ्या, नाहीतर राहू द्या,' एवढंच म्हणायचा. दोन वर्षं कुणी घेतला नाही. तिसऱ्या पोळ्याला मानाच्या बैलाच्या धन्यानं हात पुढं केला.

म्हाताऱ्याचा नातू अमरावतीला शिकून गावी आला. एका व्यापाऱ्यानं पोळ्यासाठी पट्ट्यांची मोठी ऑर्डर दिली आणि ती त्यानं आजोबांना न विचारताच घेतली. 2015च्या कायद्यानं राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून चांगलं कातडं मिळणं मुश्कील झालेलं. पोरानं अकोल्याहून रेक्झिन आणलं. वर चामड्याचा पातळ पापुद्रा चिकटवला, आजोबांचेच ठसे मारले आणि सोनेरी रंग दिला. पट्टे झगझगीत दिसत होते. आजोबांच्या नावावर ते खपले.

पोळ्याच्या दिवशी पाऊस लागला. आंब्याच्या तोरणाखाली जोड्या उभ्या, झडत्या रंगात आलेल्या. म्हातारा सवयीनं एकेका बैलाच्या मानेवरून हात फिरवत निघाला. बाभळीच्या सालीत मुरलेलं चामडं पावसात भिजलं की त्याला एक वास येतो. तो वास येईना. एका पट्ट्याखाली त्यानं बोट घातलं. आदल्या संध्याकाळी खांदमळणीला लोणी-हळद लावलेली ती मान रेक्झिनच्या कडेनं सोलवटली होती.

रात्री त्यानं नातवाला समोर बसवलं.

पोरगं वाचणारं होतं, त्यानं कोर्दोबा शहराचं नाव काढलं. म्हणाला, "आबाजी, स्पेनमंधी मोठमोठे कारागीर मेंढीच्या कातड्यावर चांदीचा वर्ख लावत, वरून पिवळं व्हर्निश मारत अन् सोन्यासारखं चमकवत. राजवाड्याच्या भिंती मढवल्या त्यायनं. त्यायले काऊन कोनी फसवे म्हनत नाई?"

पोराचं काही खोटं नव्हतं. मुसलमानी अमलात त्या शहरात चामड्याची कला फुलली. तिथलं बकऱ्याचं मऊ कातडं जोड्यांसाठी युरोपभर जाई, आणि वर्खाच्या कामाला तर कारागीर संघाची परीक्षा दिल्याशिवाय दुकान थाटता येत नसे. पुढं ख्रिश्चन राजवटीनं 1609 ते 1614 या काळात बाटवलेल्या मुसलमानांनाच देशाबाहेर हाकललं. त्यांत कसबी हात पुष्कळ होते. ज्यांच्या हातचं वापरायचं त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे काही एकट्या वऱ्हाडात झालेलं नाही.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "चांदीवर रंग हाये, हे घेनाऱ्याले मालूम होतं?"

"होतं ना. तेच तर त्यायचं कसब होतं."

"मंग ते नक्षीकाम झालं. तुह्या रेक्झिनचं कोनाले मालूम होतं?"

पोरगं गप्प.

"माह्या बापानं पट्टा हातात द्याचा हक्क कमावला. त्या हातानं खोटं कसं देऊ मी?"

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. गाव मटणाच्या तयारीत, आणि हे दोघं दारोदार. म्हातारा प्रत्येकाला सांगे, "याच्या आत रेक्झिन हाये. पैसे वापस घ्या." काहींनी पैसे घेतले. काही हसले, म्हणाले, "राहू द्या बाप्पा, सालातून एक दिवस तर घालाचा हाये." ज्याच्या बैलाची मान सोलवटली होती, तो बोलला नाही आणि त्यानं पैसेही घेतले नाहीत. व्यापाऱ्यानं पुढची ऑर्डर रद्द केली. नातवानं उन्हाळाभर दुसऱ्याच्या दुकानात काम करून पैसे फेडले, आणि रात्री तो आजोबांजवळ आतलं कातडं शिवायला शिकला.

पुढच्या पोळ्याला नातवानं दर्यापूरच्या बाजारात स्वतःचं दुकान मांडलं. दोन दोऱ्या बांधल्या. एकीवर पाटी 'रेक्झिन', दुसरीवर 'चामडं, आतून बकऱ्याचं'. दुसऱ्या पट्ट्याचा भाव पहिल्याच्या चौपट होता. पट्टा देताना तो आधी उलटा करून दाखवत होता, मग हातात देत होता.

संध्याकाळपर्यंत रेक्झिनची दोरी रिकामी झाली. चामड्याचे तीन गेले. त्यातला एक त्या सोलवटलेल्या मानेच्या बैलासाठी होता.