हन्नेचा लहानसा झगा

शास्त्रवाचन : १ शमुवेल, अध्याय १ व २, विशेषेंकरून २ : १९



हन्नेची प्रार्थना व तिचें स्तोत्र यांवर उपदेश पुष्कळ झाले आहेत. परंतु दुसऱ्या अध्यायाच्या मध्यभागीं एक लहानसें वचन आहे, त्याच्यापाशीं आपण क्वचितच थांबतों. एलीचे पुत्र यज्ञाचें मांस आंकड्यानें काढून घेत, लोकांवर बळजबरी करीत, असें सांगत असतां पवित्र लेखक मध्येंच वळतो, आणि कळवितो कीं शमुवेलाची आई वर्षास एक लहानसा झगा तयार करी व नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञाला जातांना तो त्याला नेऊन देई. याजक, राजे व लढाया यांच्या इतिहासांत एका लेंकराच्या कपड्याची ही नोंद! देवाच्या आत्म्याला ती क्षुल्लक वाटली नाहीं.

ज्या भगिनी हातांत सुई धरतात त्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत आणावी. झगा शिवावयाचा तर माप पाहिजे, आणि मूल तर शिलो येथें, एलीपाशीं. आईनें त्याला पाहिलें तें गेल्या वर्षीं. तेव्हां तो तिच्या कमरेपर्यंत येत होता. आतां कोठवर आला असेल? दंड भरले असतील कीं वाळले असतील? हें सर्व तिला मनांतच मोजावें लागे. रामा येथील घरीं सवत पनिन्ना हिची मुलें होतीं. कदाचित् त्यांतील एखाद्याला उभें करून हन्नेनें तो झगा त्याच्या पाठीला लावून पाहिला असेल. शास्त्रांत हें लिहिलेलें नाहीं. पण तसें झालें असेल तर, भगिनींनो, ज्या सवतीनें तिला इतकीं वर्षें टोंचून रडविलें, तिच्याच लेंकरावरून आपल्या लेंकराचें माप घेणें हें लहान काम नव्हे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत अशा हन्ना थोड्या नाहींत. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या बाजूंनीं कितीएक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला दूर जातात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. मूल आजीपाशीं किंवा वसतिगृहांत राहतें. येतांना आई वाटेंतील बाजारांतून कांहीं तरी चकचकीत घेऊन येते, आणि घरीं आल्यावर पाहते तों तें मुलाच्या मुंढ्यांत अडकतें. मग आईचा चेहरा पाहवत नाहीं. तिला वाटतें, माझ्या लेंकराला मीच ओळखलें नाहीं. अशा बाईला आम्हीं काय सांगावें? मला तर वाटतें कीं, हन्नेचें हें एक वचन तिला वाचून दाखवावें, व मग तिच्यापाशीं बसून झबलें बेतावें. दुसरें सांत्वन यापेक्षां मोठें असेल असें वाटत नाहीं.

आतां उन्हाळ्याविषयीं. घाटावर, बुलढाणा व चिखली येथें, रात्रीं तरी वारा सुटतो. परंतु घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यांत वैशाखांत भिंतीसुद्धां तापतात. अशा दिवसांत उपासनेला आलेल्या लेंकरांकडे पाहा. अंगांत कृत्रिम धाग्याचा झगझगीत फ्रॉक, त्याला आंतून जाळी, गळ्याशीं टोंचणारी लेस, आणि मानेवर व कांखेंत लाल घामोळें. मूल रडूं लागतें, आई त्याला घेऊन बाहेर जाते, आणि उपदेशक मनांत कुरकुरतो. दोष लेंकराचाही नव्हे व आईचाही नव्हे. तो धागा घाम शोषीत नाहीं, आणि वारा आंत येऊं देत नाहीं. कित्येक घरीं तर पुनरुत्थानाच्या सणासाठीं हा फ्रॉक उधारीवर आणिलेला असतो. ज्या पैशानें लेंकराला महिनाभर दूध मिळालें असतें, तो पैसा घामोळें विकत घेण्यांत गेला!

हें आपल्या जिल्ह्यांत व्हावें याचें मला अधिकच नवल वाटतें. ज्या काळ्या मातींत आपण नांगर धरतों तिनें जगाला कापूस पुरविला. खामगांवची कापसाची पेठ एवढी मोठी कीं, केवळ तिच्यासाठीं जलंबपासून खामगांवपर्यंत लोहमार्गाचा फांटा इ. स. १८७० मध्यें घातला गेला. त्याच्या थोडें आधीं, १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळें विलायतेच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडावर खिळली होती. गांठी येथून जात, आणि कापड होऊन परत येत. आजही आपल्या शेतांत कापूस पिकतो. मग त्याच शेतांत राबणाऱ्या बाईच्या लेंकराला वैशाखांत सुती वस्त्र मिळूं नये काय?

याला मोठा खर्च लागत नाहीं. घरांत जुनें सुती धोतर किंवा लुगडें असतें. तें उजेडासमोर धरावें. मधला भाग विरलेला दिसेल, परंतु दोन्ही टोंकें बहुधा शाबूत असतात. त्यांतून लहान बाळाचीं तीन-चार झबलीं सहज निघतात. लेंकराला जुन्या कापडांत गुंडाळण्याची वहिवाट आपल्या वाडवडिलांत होती. ख्रिस्ती झाल्यावर तीही टाकावी असें कोणी समजूं नये. अनेक वेळां धुतलेलें कापड कोवळ्या कातडीला नव्यापेक्षां मऊ लागतें, एवढाच त्यांतील अर्थ, आणि तो चांगला आहे. नवेंच घ्यावयाचें तर मलमल किंवा पातळ सुती कापड, फिकट रंगाचें घ्यावें. तें कापण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजवून वाळवावें, म्हणजे खळ निघते, व जें आटावयाचें तें आधींच आटतें. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ कोणी लावीत नाहीं, असें आपल्या प्रभूनें सांगितलें (मत्तय ९ : १६), तें याच कारणानें, कोरें कापड आटतें आणि जुन्याला फाडतें. त्याचें बालपण सुताराच्या घरीं गेलें, पण ठिगळ कसें लावतात हेंही त्यानें पाहिलें होतें.

वर्षाच्या बाळाची छाती बहुधा अठरा इंचांच्या आसपास भरते. तेव्हां झबल्याचा घेर चोवीस इंच धरावा. पुढचा व मागचा भाग बारा-बारा इंच. हे सहा इंच अधिक कां? वाऱ्यासाठीं. लांबी खांद्यापासून मांडीपर्यंत. कापड खांद्याशीं दुमडून पुन्हां उभें दुमडावें, आणि घडीच्या कोपऱ्याशीं गळ्याची गोलाई कापावी. ती आधीं लहानच कापावी, कारण मोठी झालेली पुन्हां लहान होत नाहीं. मुंढा सैल ठेवावा, बाही आंखूड किंवा मुळींच नसावी. बारीक धावदोरा पुरतो. यंत्राची वाट पाहूं नये. तान्ह्या बाळाचें झबलें असेल तर शिवणीची कड बाहेरच्या अंगाला ठेवावी. लोक हंसतील, पण बाळ झोंपेल. गुंड्या नकोत, मूल त्या तोंडांत घालतें. टाचणी तर नकोच. छातीच्या बाजूस दोन आंखूड बंद लावावे, गळ्याभोंवतीं दोरी कधींही नसावी. उन्हांत बाहेर नेतांना डोकें पातळ कापडानें झांकावें. परंतु घरांत टोपडें काढून ठेवावें. वारा बाधेल या भीतीनें वैशाखांत बाळाला कुंची घालून कोंडून ठेवणें हें मला समजत नाहीं.

आणि एक. खालच्या कडेला आंतून दोन आडव्या चुण्या घालाव्या. मूल वाढलें कीं एक उसवावी, पुन्हां वाढलें कीं दुसरी. जी आई दूर जाणार आहे तिनें हें विसरूं नये, व आजीलाही सांगून ठेवावें. किती वाढ झाली हें तिला ठाऊक नसलें, तरी वाढीसाठीं जागा ठेवणें तिच्या हातांत आहे.

उपदेशक बंधूंनो, हें बायकांचें काम म्हणून हें पान उलटूं नका. पौल राहुट्या शिवी, आणि त्यामुळें त्याचें प्रेषितपण कमी झालें नाहीं. यापो येथील दुर्कस मरण पावली, तेव्हां विधवांनीं पेत्राला दाखविलें काय? तिनें शिवलेले कपडे (प्रेषितांचीं कृत्यें ९ : ३९). तिनें काय भाषण केलें याचा एक शब्दही तेथें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपाशी मुली व बाया आणून केडगांवीं आश्रय दिला, तेव्हां शास्त्राच्या शिक्षणाबरोबर शिवण व विणकाम हींही त्यांस शिकविलीं. आपल्या मंडळ्यांत ज्या बाईला कापणें येतें तिनें न येणारीला चैत्रांतच बोलवावें, आणि उपदेशकानें सभेचें घर दुपारीं उघडून द्यावें. गांवांत तेवढी सावली दुसरीकडे बहुधा नसते. घरांत दोन धोतरें जुनीं झालीं असतील तर एक तेथें आणावें. वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईचें लेंकरूं उघडें फिरतें, तें कोणत्या धर्माचें हें विचारूं नये.

उन्हाळा सरला कीं झबलीं धुऊन, उन्हांत वाळवून, निंबाच्या सुक्या पाल्यांत ठेवावीं. शमुवेलाचा मागल्या वर्षींचा झगा हन्ना रामास परत नेई कीं काय, हें शास्त्र सांगत नाहीं. परंतु त्याच अध्यायाच्या एकविसाव्या वचनांत लिहिलें आहे कीं तिला पुढें तीन पुत्र व दोन कन्या झाल्या. त्या पांचांपैकीं कोणाच्या ना कोणाच्या अंगाला तो बसला असेलच.