सनद आणि हात

विद्या साध्य झाल्यावर तिचा प्रयोग करण्यासाठी सरकारची सनद कशाला हवी, हा प्रश्न वरवर दफ्तरी वाटला तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. कारण ज्ञान साधकाच्या ठायी सिद्ध होते, राजमुद्रेने उत्पन्न होत नाही. तथापि सुश्रुताने वैद्याच्या व्यवसायप्रवेशाच्या अटी सांगताना अध्ययन, कर्मदर्शन आणि हाताचा सराव यांच्या जोडीला राजाची अनुज्ञाही मोजली आहे, आणि कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असे बजावले आहे. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ कर्मात निष्णात, हे दोघेही त्याच्या लेखी अपुरेच.

हाच पेच १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापुढे उभा राहिला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय काढले ते १९२० मध्ये, म्हणजे रीतसर शिक्षण देशात अजून बाल्यावस्थेत होते, आणि बाजारात खुर्ची मांडून दात काढणारे व कवळ्या बसवणारे कारागीर मात्र पुष्कळ होते. कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले: पहिल्यात पदवीधर, दुसऱ्यात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे मुख्यतः याच धंद्यावर पोट भरणारे. इंग्लंडनेही १९२१ मध्ये अशीच मुभा दिली होती. त्यापूर्वीच्या १८७८ च्या कायद्याने दंतवैद्याची उपाधी तेवढी राखली आणि धंदा मोकळा सोडला, म्हणजे नावाला संरक्षण आणि जबडा दैवाच्या हवाली!

ही मुभा म्हणजे अज्ञानाला दिलेला राजाश्रय, असा आक्षेप घेता येईल. मला ती न्याय्य वाटते, कारण ज्या राज्याने विद्यालये काढली नाहीत त्याला विद्याहीनतेबद्दल शासन करण्याचा नैतिक अधिकार नव्हता. पण ती एका पिढीपुरतीच न्याय्य. पाच वर्षांचा अनुभव म्हणजे पाच वर्षे परक्यांच्या जबड्यांवर गिरवलेले धडे, आणि ज्यांनी ते सोसले त्यांना आपण कुणाची पाटी झालो आहोत हे ठाऊकही नव्हते. तोंड उघडून पडलेल्या रुग्णाला प्रश्न विचारण्याचीही सोय नसते. तो प्रश्न त्याच्या वतीने आधीच विचारला गेला आहे, याची ग्वाही म्हणजे सनद, आणि म्हणून तिच्यावर पहिला हक्क वैद्याचा नसून रुग्णाचा आहे. पदवी पदरी असूनही राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत नाव नसेल, तर आजही भारतात हा व्यवसाय करता येत नाही. आणि ते योग्यच आहे.