कमी केलेलं काम जातं कुठं?

माझा व्यवसाय सांगितला की लोक आधी हसतात. स्वतःचं क्लिनिक किंवा छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांना कमी काम कसं करायचं हे मी शिकवतो आणि त्याची फी घेतो. वर असंही सांगतो की तुम्ही काम कमी केलंत तर हॉस्पिटल वाढेल. ऐकायला हे गारुड्याच्या खेळासारखं वाटतं, पण त्यात जादू काही नाही.

तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर ओपीडी, वर वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर, त्याच्याही वर डॉक्टरांचं घर. दहा-बारा वर्षं शिकून आलेला हा माणूस सकाळपासून काय करतो? पेशंट बघतो, हे खरंच. पण मधल्या मधल्या वेळात तो जनरेटरमध्ये डिझेल आहे का विचारतो, मेडिक्लेमच्या शंकांना उत्तरं लिहितो, कचऱ्याची गाडी का आली नाही म्हणून फोन करतो, सुट्टे पैसे शोधतो आणि नोकरी सोडून निघालेल्या सिस्टरची समजूत काढतो. मी अशा डॉक्टरांना एक आठवडाभर सगळ्या कामांची यादी करायला लावतो. मग प्रत्येक कामासमोर एकच खूण करायची: हे फक्त मीच करू शकतो का? यादी संपते तेव्हा बऱ्याच ओळी कोऱ्या राहिलेल्या असतात.

कोऱ्या राहिलेल्या ओळी दुसऱ्यांकडे द्यायच्या. डॉक्टरांचा वेळ आणि डोकं मोकळं होतं, पेशंटला नीट तपासलं जातं, उत्पन्न वाढतं. यात लाज वाटावी असं काही नाही. चौदा तास राबून थकलेला डॉक्टर पेशंटसाठीही धोक्याचाच असतो.

पण काम वाफ होऊन उडून जात नाही. ते पाण्यासारखं असतं, उतार असेल तिकडे वाहत जातं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या दिशेला हा उतार असतो. तुम्ही नोकरीत नवे असाल तर तो तुमच्या ओळखीचा असेल. ‘जरा एवढं बघशील का?’ या वाक्यानं तो सुरू होतो.

हॉस्पिटलात या उतारावर सगळ्यात आधी ‘मॅडम’ असतात, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. बिलं, पगार, औषधांची खरेदी, सिस्टर लोकांच्या रजा हे सगळं त्या बघतात. अनेक ठिकाणी त्यांचं नाव पगारपत्रकात नसतं, कारण ‘आपलंच तर आहे’. त्यांच्या खालोखाल असतो रात्रपाळीचा आरएमओ. तो बहुतेक वेळा नुकताच पदवी घेतलेला, बरेचदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा डॉक्टर असतो. वर मालक झोपलेले असतात आणि खाली अख्खा वॉर्ड त्याच्यावर असतो. मग सिस्टर, मग मावशी. सगळ्यात शेवटी पेशंटचे नातेवाईक. रिपोर्ट आणायला, रक्तपेढीत धावायला, सलाइनची बाटली संपत आली हे सांगायला तेच असतात. डॉक्टरांनी काम कमी केलं असं आपण म्हणतो, तेव्हा यांच्यापैकी कुणाचं तरी वाढलेलं असतं.

मग प्रश्न असा: कमी काम करणं नैतिक दृष्ट्या केव्हा योग्य, आणि केव्हा ती नुसती ढकलाढकल?

उत्तर शोधताना मला मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय उपयोगी पडतं. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ते १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ५८ व्या वर्षी. तरुणपणीच संधिवातानं त्यांची बोटं वाकडी केली होती. तरीही त्या बोटांनी त्यांनी हजारो मोतीबिंदू काढले. अरविंदमध्ये सर्जननं काय करायचं नाही, हे फार बारकाईनं ठरवलेलं आहे. डोळ्यांची प्राथमिक तपासणी, मापं घेणं, रुग्णाला टेबलावर तयार करणं, त्याला समजावून सांगणं ही कामं प्रशिक्षित मुली करतात. सर्जन एक शस्त्रक्रिया संपवतो तेव्हा शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. डॉक्टर जे कमी करतो, त्यातूनच इतक्या शस्त्रक्रिया होतात की पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या जोरावर मोठ्या संख्येनं इतरांना मोफत दृष्टी देता येते. इथं उतारावरून वाहणाऱ्या कामाला नीट कालवा काढून दिलेला आहे. या मुली बहुतेक खेड्यांतून येतात, पण त्यांच्या अंगावर काम टाकण्याआधी त्यांना दोन वर्षं शिकवलं जातं. ‘जरा एवढं बघशील का?’ आणि दोन वर्षांचं प्रशिक्षण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्याकडे याच्याही पुढे गेलेले लोक आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. गावातल्या बायका, त्यातल्या कित्येक दलित आणि निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी, क्षयरोग्याची नि कुष्ठरोग्याची काळजी हे सगळं त्या बघू लागल्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते.

इंजेक्शन हे डॉक्टरी अधिकाराचं केवढं मोठं चिन्ह आहे, हे आपल्याला माहीत आहे. सुई टोचल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही आणि डॉक्टरला फी मागता येत नाही, अशी आपल्याकडची रीत. ती सुईच दुसऱ्याच्या हातात द्यायची, म्हणजे नुसतं काम द्यायचं नाही, आपलं महत्त्वही द्यायचं. म्हणून मला वाटतं, कमी करण्याची खरी कसोटी इथं लागते. नकोसं काम सगळेच देतात. मान मिळवून देणारं काम कोण देतो?

आता याच कल्पनेचं पुढे काय झालं ते बघा. २००५ नंतर देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या. गावातलीच बाई, गावातल्याच लोकांसाठी, कल्पना तीच. पण त्यांना म्हटलं गेलं स्वयंसेविका, आणि मोबदला ठरला मुख्यतः कामागणिक. मग एकेक सर्वेक्षण, एकेक रजिस्टर, एकेक ॲप त्यांच्याकडे सरकत गेलं. मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांनी पुन्हा पुन्हा संप केले. जामखेडच्या बायकांनाही काही सरकारी पगार नव्हता. फरक फक्त पैशाचा असता तर हिशेब सोपा होता. जामखेडच्या बायका नियमितपणे केंद्रावर जमत, गावातले प्रश्न मांडत, डॉक्टरांना विचारत आणि शिकत. काम खाली येत होतं, तसा त्यांचा आवाज वर जात होता. आशाताईंकडे काम खाली येतं, वर जाते ती माहिती. त्यांचा आवाज वर पोचायला संप करावा लागतो.

कमी करण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि माझ्या व्यवसायात त्याला मोठी मागणी आहे. कमी पेशंट, जास्त फी. वीस रुपये सुट्टे शोधणाऱ्या म्हातारीपेक्षा पॅकेज घेणारा पेशंट बरा, हे कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगत नाही. ‘योग्य पेशंटवर लक्ष द्या’ असं सांगतात. कायद्यानं यात फारशी अडचण नाही. तातडीच्या वेळी मदत नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. एरवी कुणाला तपासायचं हे डॉक्टर बऱ्याच अंशी ठरवू शकतो. पण इथंही काम नाहीसं होत नाही. म्हातारीचा गुडघा दुखायचा राहत नाही. ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाते, नाहीतर घरी बसते. असा सल्ला मी देत नाही, कारण त्यात डॉक्टरांचं ओझं हलकं होतं आणि ते उचलायला पलीकडे कुणीच नसतं.

काही कामं मात्र कुणाकडेच देऊ नयेत. एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ‘वाईट बातमी सांगण्यात माझा फार वेळ जातो. काउन्सेलर ठेवला तर?’ वेळ वाचला असता, हे खरं. मी त्यांना म्हटलं, पेशंटनं विश्वास टाकला तो तुमच्यावर. गाठ कॅन्सरची निघाली हे त्यानं अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं, तर पुढचं सगळं खरं सांगितलं जातंय का, ही शंका त्याच्या मनात कायमची राहील. खर्चाचं, विम्याचं, पथ्याचं काउन्सेलर बोलू दे. ते एक वाक्य तुमचं.

म्हणून हल्ली यादीतल्या प्रत्येक कोऱ्या ओळीसमोर मी आणखी तीन प्रश्न लिहायला लावतो. ज्याच्याकडे हे काम जाणार, त्याला ते शिकवलंय का? त्याचे पैसे त्याला मिळणार का? आणि अडलं तर तो तुम्हाला विचारू शकतो का? पहिले दोन प्रश्न डॉक्टरांना पटकन पटतात. मॅडमना पगार सुरू करायला लोक थोडे लाजतात, पण करतात. अडखळतात तिसऱ्याशी. मग मी तो सोपा करून विचारतो: रात्री दोन वाजता तुमचा आरएमओ न घाबरता तुम्हाला उठवू शकतो का?

बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांनी या प्रश्नावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. नंतर त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टर आणि आरएमओंना एकत्र बसवलं आणि डॉक्टरांना कधी उठवायचं याची यादी त्यांच्याकडूनच लिहून घेतली. ती वॉर्डात लावली. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘शंका आली तरी उठवा. उगाच उठवलं म्हणून कुणालाही बोलणार नाही.’ पुढचा महिनाभर ते जवळजवळ रोज रात्री जिना उतरून खाली येत होते. मी त्यांना काम कमी करायला शिकवत होतो, आणि ते चांगलंच वाढलं होतं. महिनाअखेरीला मी जरा संकोचानंच बिल पाठवलं. त्यांनी त्याच दिवशी पैसे भरले.